शंभराला एक इंच

हॅल त्वाइट जाऊन नऊ आठवडे झाले होते. विल्मा क्रेब्सने फोन केला आणि हॅलो-बिलो काही न म्हणता एकदम विचारलं, "काय गं, थाळीचं काय ठरलं?"

"बाबाला विचारते," मारित म्हणाली.

"बाबाला विचार, आईला विचार, कुत्र्याला विचार. मेळावा मे अखेरच्या सोमवारी आहे आणि मला खांब रोवायचाय. बर्फ गेला की चिखल, चिखल वाळला की दगड. मधले चार दिवस काय ते माझे." आणि फोन बंद.

विल्मा एकाहत्तर वर्षांची होती आणि कॉटनवुड बेंच गावचा रायफल क्लब तिच्या मुठीत होता. क्लब म्हणजे काय, तर नॉर्डलांच्या कुरणाच्या कडेला एक पत्र्याचं खोपट, आत एक शेगडी, बाहेर नेम धरून पालथं पडायला सहा फळ्या, आणि समोर मोंटानाचा तो सगळा उघडा माळ. माळावर तीनशे यार्डांपासून हजारापर्यंत पोलादाच्या गोल थाळ्या टांगलेल्या. गोळी लागली की शाळेच्या घंटेसारखा टोल पडतो, पण लगेच नाही. गोळीने तिकडे पोचायचं, मग आवाजाने चालत परत यायचं. हजाराच्या थाळीचा टोल यायला चार सेकंद लागतात, आणि त्या चार सेकंदांत भल्याभल्या माणसांची तोंडं बघण्यासारखी होतात.

गाव माणसाचा दगड चर्चमागे उभारायचं. क्लब थाळी टांगायचा. जन्मात सगळ्यात लांबची जी थाळी त्याने वाजवली, तेवढ्याच अंतरावर, त्याच मापाची, त्याच्या नावाची. माप सोपं होतं, शंभराला एक इंच. सहाशेला सहा, आठशेला आठ. विल्माचा नवरा व्हर्न सहाशेवर होता. दर शनिवारी ती फळीवर पालथी पडायची आणि म्हणायची, "चला, व्हर्नला उठवते." टोल आला की मान वळवून, "जिवंत होता तेव्हा तीन हाका मारल्याशिवाय ओ द्यायचा नाही. आता बघा कसा सुतासारखा सरळ आलाय!" नवी माणसं हसावं की नाही अशा पेचात पडायची. जुनी खुशाल हसायची.

हॅलची थाळी कुठली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. खोपटातल्या फळ्यावर लिहिलेलंच होतं, हॅल त्वाइट, हजार यार्ड, दहा इंच. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याच्या वयात बेंचवर कुणी हजाराची वाजवली नव्हती.

मारित त्याची धाकटी बहीण, सोळा वर्षांची. दातवाल्याने सुई टोचल्यावर गाल कसा तोंडावर असतो पण आपला नसतो, चावला तरी कळत नाही, तशी ती फेब्रुवारीपासून आख्खीच्या आख्खी झाली होती. रडूही येत नव्हतं. हॅलची गाडी रस्त्यावर न दिसणाऱ्या काळ्या बर्फावरून घसरली, असं शेरीफ दारात टोपी काढून सांगत होता तेव्हा ती त्याच्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे बघत होती. शेजारपाजारच्या बायकांनी काचेच्या भांड्यांतून जेवण आणलं, शेवया, बटाटे, वरून चीज, बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर मालकिणीचं नाव. मारितने सगळं खाल्लं. चव एकाही पदार्थाची आठवत नव्हती. भांडी मात्र तिने घासून लख्ख केली, सतराच्या सतरा, आणि घरोघर पोचवली. शाळेत जेवणाच्या रांगेत पोरं आपोआप बाजूला सरकायची, तिला पुढे जाऊ द्यायची. हॅल असता तर म्हणाला असता, मूर्ख, फायदा घे, दोन पुडिंगं उचल. ती एकच उचलायची.

बाबाला विचारलं. बाबा धान्याच्या कोठारावर कामाला होता, केसांत कायम गव्हाची धूळ. तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात? हजार." आणि कित्येक दिवसांनी त्याचा आवाज जरा माणसासारखा आला. आई बिलिंग्जच्या दवाखान्यात रात्रपाळी करून झोपायला आली होती. ती जिन्यावरूनच म्हणाली, "थाळीबिळीचं तुम्ही दोघं बघा. मला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त ऐकायला बोलवा."

मारित काही बोलली नाही. आणि नेमकं तिनेच बोलायला हवं होतं. हजाराचं खरं काय ते फक्त तिला माहीत होतं. की तिलाही माहीत नव्हतं, हीच तर भानगड होती.

आता ते ऑक्टोबरचं ऐका. मोसमातला शेवटचा शनिवार. विल्माने सकाळी सगळ्या थाळ्यांना पांढरा रंग मारला होता. दुपारपर्यंत वारा असा सुटला की एकेक जण गाडीत बसून पळाला. बाहेर उरली दोघंच. विल्मा खोपटात शेगडीची राख काढत होती. हॅल हजाराच्या थाळीवर हट्टाला पेटला होता आणि मारित त्याच्या शेजारी मोठ्या दुर्बिणीवर. बंदूक उसळते, त्यामुळे मारणाऱ्याला आपली गोळी कुठे गेली ते दिसत नाही. दुर्बिणीवरचा माणूस सांगतो, लागली की गेली. त्याचा शब्द तो शब्द. त्यावर बेंचवर कुणी वाद घालत नाही, नवरा-बायकोसुद्धा नाही.

"गेली," मारित म्हणाली. "उजवीकडे."

"किती?"

"बरीच."

"बरीच म्हणजे काय गं? टपालाने पाठवू का पत्ता विचारायला?"

"दोन हात. हॅल, मला पायाची बोटं नाहीत आता. गळून पडलीत."

"बुटातच असतील. घरी गेल्यावर शोधू."

अकरा गोळ्या गेल्या. वारा पाठीवर होता, म्हणजे टोल पडला असता तरी आवाज उलटा इकडे येणं कठीण. बाराव्या वेळी मारितने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि हातमोजा ओढून बोटांवर फुंकर घातली. तेवढ्यात बंदूक उडाली.

"काय?" हॅल म्हणाला.

तिने घाईने डोळा लावला. थाळी हलत होती. पण ती सकाळपासून वाऱ्याने हलतच होती.

"लागली," मारित म्हणाली.

हॅलने अशी काही आरोळी ठोकली की नॉर्डलांची गुरं उठून उभी राहिली. त्याने तिला बटाट्याच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकली आणि खोपटापर्यंत पळत नेली. "विल्मा! हजार! दहा इंच! लिहा!" विल्माने काही ऐकलं नव्हतं, पण दुर्बिणीवरचा शब्द होता. तिने लिहिलं. येताना पेट्रोल पंपावर हॅलने मारितला गरम चॉकलेट घेऊन दिलं, वर फेसाचा डोंगर. "तुझ्यामुळे," तो म्हणाला. ती चव तिला आठवत होती. तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि कुरणाचा रस्ता बंद झाला. म्हणजे त्या थाळीवर हॅलनंतर कुणी गोळी मारली नव्हती. लागली असेल तर पांढऱ्या रंगावर शिशाचा करडा शिंतोडा असणार, नसेल तर थाळी कोरी. सगळा हिवाळा ते उत्तर तिकडे बर्फात लटकत होतं. मारितला ते माहीत होतं. ती विचार करत नव्हती, फक्त माहीत होतं, जसं आपल्याला आपल्या दाराचं कुलूप माहीत असतं.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी बाबा म्हणाला, "चल, जागा बघून येऊ." गाडी खोपटापाशी सोडली आणि दोघं चिखलातून चालत निघाली. व्हर्नची थाळी गेली. आठशे गेलं. मारित पावलं मोजत होती. मोजलं की बरं असतं, डोक्यात दुसरं काही मावत नाही. नऊशे चाळीस. नऊशे ऐंशी. मग तिने मान वर केली.

थाळी चकाकत होती. पांढऱ्या रंगाचा ठिपका नाही, शिंतोडा नाही, काही नाही. नुसतं उघडं पोलाद, मधोमध घासून आरसा झालेलं, कडेकडेला जुने शेकडो चरे. थाळी टांगायच्या दोन पट्ट्यांपैकी एक तुटलेली, आणि बोल्टांना तांबूस केसांचे झुपके.

"च्यायला, गुरं!" बाबा म्हणाला. "पाठ खाजवून घेतलीय बघ. हिवाळ्याचे केस काढायला आयता खरारा मिळाला त्यांना." त्याने एक झुपका ओढला आणि हसला. खरंच हसला. "हॅलने मार मार मारली आणि शेवटी कुणाच्या कामाला आली, तर नॉर्डलांच्या गाईंच्या."

"आता काही दिसत नाही," मारित म्हणाली.

"काय दिसायचं होतं?"

"काही नाही."

तिने थाळीवर तळवा ठेवला. गार असणार. असणारच होती. तिला लागली नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाबा तिला घेऊन ओटिस लिंडक्विस्टकडे गेला. ओटिस पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. आता त्याच्याकडे पाण्याच्या धारेने पोलाद कापणारं यंत्र होतं आणि त्याचं त्याला भलतं कौतुक.

"या! माल तयार आहे," तो म्हणाला आणि त्याने बाकावर दोन थाळ्या मांडल्या. दोन्ही दहा इंची. "ज्योत लावलेली नाही हं, पाण्याने कापलीय. ज्योतीने कडा मऊ पडतात. एक पातळ, एक जाड. पोलाद तेच, पाचशे नंबरचं."

बाबाने पातळ थाळी उचलली, उलटसुलट केली. "ओटिस, नाव वेल्डिंगने काढता येईल का रे? म्हणजे उठावाचं. कायमचं."

ओटिसने चष्मा कपाळावर चढवला. "अर्न, तू तीस वर्षं नेमबाजी करतोयस."

"करतोय."

"मग हे तू मला विचारतोयस? डाग दिला की तेवढं पोलाद नरम. नरम जागी खड्डा पडणार, आणि खड्ड्यातली गोळी पाहुण्यासारखी तिथे बसत नाही, उलटी घरी येते."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे ते मलाही माहीत आहे," ओटिस जरा हळू म्हणाला. "नाव रंगानेच. उडालं की पुन्हा काढायचं. त्यासाठीच तर जायचं असतं तिथे." मग त्याने लाकडी हातोडी मारितपुढे धरली. "आणि टांगायला साखळी नाही, आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपाच्या पट्ट्या. साखळीच्या कड्या उडतात. आता कान तुझे. वाजव."

मारितने जाड थाळी वाजवली. ठण्ण, आणि संपलं. पातळ वाजवली. ती वाजतच राहिली, छपरापर्यंत गेली आणि परत आली.

"पातळ गाते, जाड खोकते," ओटिस म्हणाला. "पण जाड तुझ्या नातवंडांनाही पुरेल. बोल."

"पातळ," बाबा म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? पोरीला विचारतोय मी."

"आठ," मारित म्हणाली.

"आठ काय?"

"आठ इंची. पातळ. आठशेला."

यंत्राच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. बाबाने आधी ओटिसकडे बघितलं, जणू तोच बोलला होता.

"हजार लागलीय त्याची," बाबा म्हणाला. "फळ्यावर आहे. तूच होतीस की दुर्बिणीवर."

"होते. बघत नव्हते."

"म्हणजे?"

"बोटं गारठली होती. फुंकर घालत होते. गोळी सुटली तेव्हा माझा डोळा तिथे नव्हता. त्याने विचारलं आणि मी लागली म्हणाले. मला घरी जायचं होतं."

तिने हे सगळं बसचं वेळापत्रक वाचावं तसं सांगितलं. आवाज कुठे चढला नाही, उतरला नाही. तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलं. बाबाने पातळ थाळी उचलून पुन्हा बाकावर ठेवली. ठेवताना ती थोडी वाजली, तसा त्याने तिच्यावर पंजा ठेवून ती गप्प केली.

"लागली असेलही," तो म्हणाला.

"असेलही."

"बारावी गोळी म्हणजे तोवर वारा समजला असणार त्याला."

"असेलही, बाबा."

"मग?"

"मग मला माहीत नाही. आठशेचं माहीत आहे. आठशेची सगळ्यांनी ऐकलीय. विल्माचा केक करपला होता त्या नादात."

बाबा तिच्याकडे बघत राहिला. ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर चाललं असतं. पण त्याने टोपी डोक्यावर नीट बसवली आणि तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

ओटिसने दोन्ही थाळ्या उचलून बाजूला ठेवल्या. "दहाच्या राहू देत. बायको पॅनकेक भाजेल," तो म्हणाला. "आठची कापायला वीस मिनिटं. कॉफी आहे, पण मी केलेली आहे, तेव्हा विचार करून घे."

तिने कॉफी घेतली नाही. काचेतून ती बघत राहिली. पाण्याची सुतासारखी धार, आणि तिच्याखाली पोलाद शांतपणे गोल कापलं जात होतं. थाळी ओलीच तिच्या हातात आली. अडीच किलो असेल. तान्ह्या बाळाएवढी. तिने ती मांडीवर घेतली आणि गाडी निघाली. बारा मैलांनी, घराच्या वळणावर बाबा म्हणाला, "विल्माला तू सांगायचंस."

"हो."

"मी नाही सांगणार."

"मीच सांगणार आहे."

विल्माने उभ्याउभ्याच ऐकलं. मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि विल्मासाठी ते म्हणजे फारच. मग ती फळ्याकडे गेली, ओल्या फडक्याने हजार पुसलं, दहा पुसलं. हॅलचं नाव तसंच ठेवून पुढे लिहिलं, आठशे यार्ड, आठ इंच. खडू खाली ठेवून हात झटकले.

"तू वर्षभर दुर्बिणीवर बसायचं नाहीस," ती म्हणाली.

"बरं."

"आणि वर्ष झालं की बसायचंच. पळ काढलेला चालणार नाही. कळलं?"

"कळलं."

"जा आता. रंग शेडमध्ये आहे. अक्षर नीट काढ, तुझ्या भावाचं डॉक्टरसारखं होतं."

मेळाव्याच्या सोमवारी लख्ख ऊन पडलं होतं. चाळीसेक माणसं जमली, टेबलांवर हरणाच्या मांसाचे सॉसेज, बटाट्याची कोशिंबीर, विल्माचे तीन केक. फळ्यावरचा बदल सगळ्यांनी वाचला होता. कुणी काही विचारलं नाही. एकदोघं मारितकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागली. तिला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटायला हवं, एवढं मात्र कळलं. आई पाळीवरून थेट आली होती, दवाखान्याच्या कपड्यांतच, आणि गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती.

पहिल्या पाच गोळ्या घरच्यांच्या. त्यांतली एक तरी वाजली की थाळी रांगेत बसली, मग बाकीच्यांनी मारायचं. नाही वाजली तर थाळी उतरवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा. विल्माने मारितला दुर्बीण बंद केली होती, तेव्हा मारणार मारित, आणि दुर्बिणीवर बाबा. त्या शुक्रवारपासून तो तिच्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलला होता.

ती फळीवर पालथी झाली. बंदूक हॅलची. बंदुकीवरच्या काचेत आठशेची थाळी दिसत होती, पांढरी, तिच्यावर काळ्या रंगात हॅलचं नाव, नीट काढलेलं. तिने श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

बंदूक उसळली. थाळी काचेतून निसटली. मागे चाळीस माणसं गप्प झाली. एक. दोन. आई फळीवरून खाली उतरली, तिचे बूट खडीवर वाजले. तीन. गवतातून वारा जात होता. त्याच्यातच कुठे बारीक टोल होता की काय, कुणास ठाऊक. बाबा दुर्बिणीला चिकटून होता, हलत नव्हता, आणि मारितला मनापासून वाटलं की त्याने लागली म्हणावं. एक शब्द तर म्हणायचा होता. कोण वाद घालणार होतं?

"गेली," बाबा म्हणाला.

कुणीतरी मागे श्वास सोडला.

"डावीकडे," बाबा म्हणाला. त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "चार बोटं. वारा आहे तिथे, वाटतो त्यापेक्षा जास्त. थाळीच्या उजव्या कडेला धर."

"उजव्या कडेला," मारित म्हणाली.

"हं. मी बघतोय."

"अजून चार आहेत," मागून विल्मा ओरडली. "सावकाश होऊ द्या. हॅल कुठे जात नाही!"

कुणीतरी हसलं. जुन्यांपैकीच असणार. मारितने दुसरी गोळी भरली, बोल्ट पुढे सरकवला, आणि बंदुकीच्या लाकडावर पुन्हा गाल टेकवला. लाकूड गार होतं. गालाला चांगलंच गार लागलं.